ओळखीनं झालं

वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी कळवायचं असतं, हे मला माहीत होतं. काय काय लागतं तेही माहीत होतं, कारण पुण्यात बसून दोन रात्री मी तेच वाचत होतो : मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, सातबारा, आठ-अ, ई-हक्क प्रणालीवर अर्ज. सगळे कागद फायलीत लावून गावी पोचलो, तर ओसरीवर बसलेल्या काकांनी फायलीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. "तिथं कोणी हाये का ओळखीचं?"

नव्हतं. मग शोधलं. मावसभावाच्या मित्राचा मेहुणा तहसील कचेरीत कारकून निघाला. त्याला फोन गेला, त्यानं तलाठ्याला फोन केला आणि मला निरोप आला की काळजी करू नका, शब्द टाकलाय. बाविसाव्या दिवशी फेरफार मंजूर झाला. घरात सगळे म्हणाले, ओळखीनं झालं. मीही म्हणालो.

बऱ्याच महिन्यांनी फेरफाराची प्रत कशाला तरी काढली तेव्हा सहज तारखा जुळवून बघितल्या. नोंद घातली की नोटीस काढून हरकतींसाठी पंधरा दिवस थांबावंच लागतं, जमीन महसूल संहितेतच तसं आहे. त्याआधी नोंद घालायला दोन-तीन दिवस गेले होते, नंतर मंडळ अधिकाऱ्याकडे चार. झाले बावीस. म्हणजे माझं काम नियमाच्या वाटेनं, नियमाला लागतो तेवढाच वेळ घेऊन झालं होतं. मेहुण्यानं फार तर वाटेत त्याला एक रामराम घातला असेल. पण श्रेय त्याला गेलं, दिवाळीला पेढेही त्यालाच गेले. कचेरीच्या वाट्याला काही आलं नाही. माझ्या लेखी ती आधी होती तितकीच बेभरवशाची राहिली.

काम झालं तर माणसामुळे, अडलं तर यंत्रणेमुळे, असा हिशेब आपण पिढ्यान्पिढ्या ठेवत आलो आहोत. असल्या वहीत कुठल्या संस्थेच्या नावावर विश्वास जमा होणार?

लोकांचा संस्थांवरचा विश्वास उडाला, अशी हळहळ हल्ली सगळीकडे ऐकू येते. गंमत म्हणजे विश्वास मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांमध्ये भारत सहसा वरच्या क्रमांकांत असतो. आपल्याकडच्या पाहण्यांत सैन्यावर विश्वास सर्वांत जास्त आणि पोलीस, राजकीय पक्ष तळाला, हे चित्रही वर्षानुवर्षं फारसं बदललेलं नाही. सैन्याशी बहुतेकांचा कधी संबंध येत नाही. पोलिसांशी येतो. दुरून डोंगर साजरे, ही म्हण इथं शब्दशः लागू पडते. माझं म्हणणं इतकंच आहे की विश्वास उडालेला वगैरे नाही. लांबच्या संस्थेवर आपण श्रद्धा ठेवतो आणि जवळच्या संस्थेशी ओळख काढतो. विश्वास म्हणजे तपासून बघितलेला भरवसा, आणि तो या दोन्हींत नाही. आणि आपण बातम्या ज्या पद्धतीनं घेतो, त्या सवयीनं हे जास्त घट्ट केलं आहे.

आधी भाषाच बघा. सरकारी काम आणि सहा महिने थांब. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणी आपण लहानपणीच शिकतो. उलट बाजूला 'शब्द टाकणं', 'शब्द ठेवणं', 'शब्दाला जागणं', 'भीड पडणं' हे सगळे जिव्हाळ्याचे वाक्प्रचार. ग्रामसेवकाला गाव 'भाऊसाहेब' म्हणतं, तलाठ्याला 'आप्पा' किंवा 'तात्या'. शासनानं या पदांची नावं बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि 'ग्राम महसूल अधिकारी' केली, गावाच्या तोंडी ती अजून बसलेली नाहीत. पदाला नात्याचं नाव लावलं की आपल्याला बोलायला बरं पडतं. आणि जो माणूस नात्यात येत नाही, नियमाप्रमाणे चालतो, त्याला मराठीत काय म्हणतात? 'नियमावर बोट ठेवणारा'. ही तक्रार आहे. मी आजवर ती कौतुकानं केलेली ऐकली नाही.

यात काही चांगलं नाही असं मला म्हणायचं नाही. दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून म्हातारीचं निराधार अनुदान अडतं, तेव्हा भीड पडून सही करणारा कारकूनच कामाला येतो. यंत्रणा कोरडी असते, ओळख तिला ओलावा देते. पण हा ओलावा कोणाच्या शेतापर्यंत पोचतो, हे बघायला हवं. ज्याच्या खानदानात कोणी कारकून नाही, ज्याच्या आडनावाला कचेरीत कोणी 'या, बसा' म्हणत नाही, त्यानं कोणाचा शब्द टाकायचा?

त्यासाठी महाडचं प्रकरण आठवावं. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं झालं, तळ्यावर काहीच झालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले ते या कागदाला खरं करायला. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, सवर्ण मंडळी कोर्टात गेली आणि खटला उच्च न्यायालयापर्यंत चालून १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. दहा वर्षं. शहाण्याने पायरी चढू नये म्हणणारी म्हण कोणाच्या शहाणपणातून आली असेल, ते इथं कळतं. ज्याचं काम चावडीवर, चहावर, नात्यात भागत होतं, त्याला कोर्टाची गरज नव्हती. ज्याला चावडीच्या पायरीवरही जागा नव्हती, त्यानं कोर्टाची पायरी चढली, कारण त्याच्याकडे ओळख नव्हती, ठराव होता. नियमावर बोट ठेवणं ही चैन नसते, काहींना तेवढं एकच हत्यार असतं.

आता बातम्यांकडे येतो.

आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात, वडील पेपर मागून पुढं वाचायचे. आधी बाजारभाव, मग निधन वार्ता, मग बाकी देश. लासलगावच्या ओळीवर बोट ठेवायचे : आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. आदल्या दिवशी आपला ट्रॅक्टर गेला असला तर खिशातली पट्टी, म्हणजे आपल्या मालाच्या विक्रीची पावती, काढून शेजारी धरायचे. आपला कांदा सर्वसाधारणच्या वर गेला की खाली, हे त्या दोन कागदांतून कळायचं. खाली गेला तर दुसऱ्या दिवशी अडत्याकडे विषय निघायचा. अडत्याला माहीत असायचं की समोरच्यानं पेपर बघितलाय.

हे साधं वाटतं, पण यामागं मोठा इतिहास आहे. जुन्या बाजारात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी त्या रुमालाकडे बघत उभा राहत असे. विदर्भात कारंजा इथं १८८६ मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, पुढं १९६३ चा राज्याचा बाजार समिती कायदा आला, उघड लिलाव आले, रुमाल निघाला. बाजार समित्या काही संतांचे मठ नव्हेत. तिथली राजकारणं, व्यापाऱ्यांचे संप, बंद पडणारे लिलाव, सगळं आम्ही बघितलंय. 'व्यापाऱ्यांनी भाव पाडला' हा आरोप तर दर हंगामात होतो. पण लिलाव झालाच नाही, आकडा बनावट छापला, असं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. भांडण आकड्यावरून होतं, आकडा धरून होतं. संशय घ्यायलासुद्धा हाताशी एक आकडा लागतो, आणि तो रोज, न चुकता, कंटाळा येईपर्यंत छापून आला तरच लोक तो धरून बोलतात. संस्थेवरचा विश्वास मी जिथं जिथं प्रत्यक्ष बघितला आहे, तिथं त्याच्या मुळाशी अशी एखादी रटाळ ओळ होती. तिथं अग्रलेख नव्हता आणि ब्रेकिंग न्यूजही नव्हती.

या रटाळ ओळी आपल्या रोजच्या वाचनातून हळूहळू गेल्या. जागा कोणी घेतली? माणसांनी. बातमी आता माणसाची असते. तुकाराम मुंढे हे २००५ च्या तुकडीचे सनदी अधिकारी. त्यांच्या बदल्यांचा आकडा विसाच्या वर गेला आहे आणि तो आकडा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल. नवी मुंबई, नाशिक, नागपूर, जिथं ते आयुक्त म्हणून गेले तिथं आल्याची बातमी झाली, गेल्याची झाली, समर्थनाचे मोर्चे झाले. त्यांच्या कामाविषयी इथं मला काही म्हणायचं नाही. प्रश्न वाचक म्हणून आपल्याला आहे. ते गेल्यावर त्या महापालिकेत कोणती पद्धत टिकली, कोणती बंद पडली, याचा पाठपुरावा करणारी बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली? आणि राज्यात २००५ चा एक अधिनियम आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून तो आला. त्यात अधिकाऱ्याचा नेहमीचा कार्यकाळ तीन वर्षं धरला आहे, आणि कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाचे सात दिवस ओलांडून पडता कामा नये, असंही म्हटलं आहे. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात त्याला. बदल्यांचा आकडा ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या कितीजणांना त्या सात दिवसांची माहिती आहे? मला स्वतःला वारस नोंदीच्या वेळी नव्हती.

धडाकेबाज अधिकाऱ्याची बातमी ही मोठ्या प्रमाणावर ओळखीचीच गोष्ट आहे. आपल्याला तिथं एक 'आपला माणूस' मिळतो. तो असेपर्यंत कचेरी आपली, तो गेला की पुन्हा परकी. बातमी वाचून विश्वास बसतो तो त्याच्यावर, आणि त्याच बातमीतून कचेरीवरचा अविश्वास पक्का होतो, कारण गोष्टीला खलनायक लागतो आणि तो म्हणजे कचेरी.

पेपरवाल्यांना दोष देणं सोपं आहे. तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन किती असतं आणि त्याचं घर कशावर चालतं, हे तालुक्यात राहणाऱ्यांना ठाऊक असतं. वाढदिवसाच्या पुरवणीतल्या जाहिरातींच्या कमिशनवर ज्याची चूल अवलंबून आहे, तो त्याच वाढदिवसवाल्या अध्यक्षाच्या बँकेच्या थकीत कर्जांवर किती लिहील? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याचं गुणगान करणारे मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखे छापून आले आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठी घरात आला. प्रेस कौन्सिलनं चौकशीला दोन सदस्यांची उपसमिती नेमली, तिनं नावानिशी अहवाल दिला, कौन्सिलनं २०१० मध्ये त्याचं फक्त सौम्य सार प्रसिद्ध केलं. पूर्ण अहवाल लोकांपुढं आला तो पुढच्या वर्षी, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशावरून. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रानं केंद्राच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये केला होता. त्या कायद्याला अर्जदार कोणाचा कोण याच्याशी घेणंदेणं नसतं. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावा, तीस दिवस मोजा. प्रेसच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि प्रेसच्या मोठ्या माणसांना जे जमलं नाही ते या कोरड्या पद्धतीनं केलं.

जाता जाता एक गोष्ट. जमीन घेण्याआधी वकील पेपरात जाहीर नोटीस देतात : अमुक गटावर कोणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कळवा. गाव पेपर वाचतं असं गृहीत धरून ही पद्धत चालली आहे. ज्याला हरकत येऊ नये असं वाटतं, तो कोणत्या पेपरात नोटीस देतो ते कोणत्याही वकिलाला विचारा. आता तर खपाचा पेपरही किती घरांत शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो? नोटीस छापली जाते, कायद्याचं समाधान होतं, आणि ज्याची जमीन आहे त्याच्या मोबाईलवर त्या सकाळी दिल्लीतल्या चर्चेचा तुकडा वाजत असतो.

मोबाईलला खलनायक करून हा लेख संपवता आला असता. पण लासलगावचा भाव आज पेपरच्या आधी मोबाईलवर येतो. कांदा उत्पादकांच्या ग्रुपवर लिलाव चालू असतानाच आकडा पडतो, कोणी पट्टीचा फोटो टाकतो, दुसरा म्हणतो माझी इतक्यानं गेली. वडिलांना एक रात्र थांबावं लागायचं, या पोरांना दहा मिनिटं लागत नाहीत. तोच मोबाईल, तेच ॲप. मग फरक कुठं पडतो?

फरक कुठं पडतो ते राईनपाड्यात दिसलं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेकरी, बहुतेक मंगळवेढ्याकडची. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. त्यांतला एक गाजलेला व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा होता, शेवट कापलेला. राईनपाड्यात संशय आला, गर्दी जमली, आणि पाचही जणांना ठेचून मारलं. कुठं? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. मला या घटनेत सगळ्यात जास्त हेच टोचतं. गावात राज्यघटनेची जी एकमेव खोली होती, तिथं त्यांना नेलं, आणि त्या खोलीला कोणी थांबवणारी जागा मानलं नाही. आधार कार्ड बघू, मंगळवेढ्याला फोन लावू, पोलीस येईपर्यंत दार लावू, यांपैकी काहीही त्या चार भिंतींत टिकलं नाही.

त्या मेसेजवर लोकांचा विश्वास का बसला? कोणत्याही पेपरावर, चॅनेलवर बसला नसता इतका बसला, कारण तो मामानं पाठवला होता, मित्रानं पाठवला होता, गावच्या ग्रुपवर आला होता. बातमीला ओळख होती. दारात उभ्या असलेल्या पाच माणसांना नव्हती. जो प्रश्न काकांनी मला ओसरीवर विचारला, तोच त्या दिवशी राईनपाड्यात विचारला गेला असं मला वाटतं : इथं कोणी आहे का यांच्या ओळखीचं? कोणी नव्हतं. कांद्याच्या ग्रुपवर मामानं पाठवलेला आकडाही पट्टीशी ताडून बघितला जातो, चुकीचा असेल तर दहा मिनिटांत तोंडावर पडतो. मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज ताडायला शेजारी धरायची पट्टी नव्हती. पोलीस ठाण्यात फोन करून ती मिळाली असती. पण ठाण्यात फोन करणं म्हणजे पुन्हा तेच, तिथं ओळखीचं कोण?

त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमाव जमला होता आणि पोलिसांनी तिथं पाच जणांना वाचवलं. राईनपाडा लोकांच्या लक्षात आहे. मालेगाव विचारून बघा. वाचलेल्या माणसांच्या बातमीला दुसरा दिवस नसतो. त्या घटनांनंतर भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲप कंपनीनं घातली. बोटांना तेवढा लगाम बसला.

जवळची संस्था जवळून बघायची सवय लागायला जागा आहे, ती कायद्यानंच दिलेली आहे. ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती व्हायची रीत आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. चार हजार मतदारांच्या गावात शंभर. गेल्या १ मे ला मी गावी होतो म्हणून गेलो. सतरंजीवर मोजून सदतीस माणसं, त्यांतली सहा पोरं झेंड्यानंतरच्या बिस्किटांसाठी थांबलेली. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आठवड्यानं आठ-दहा जणांत पाण्याच्या टाकीचा खर्च मंजूर झाला. टाकीत पैसे खाल्ले असं गावात सगळे म्हणतात. खाल्ले असतील, नसतीलही. खर्चाचा कागद मागितलेला एकही माणूस मला भेटला नाही, आणि टाकी किती लिटरची एवढी एक ओळसुद्धा कुठल्या पेपरात आली नाही.

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांची वारस नोंद करायची होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं : अर्ज कुठं करायचा, नोटिशीचे पंधरा दिवस, सात दिवसांचा नियम, नाही झालं तर अपील कोणाकडे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सगळं बरोबर आहे दादा," तो म्हणाला, "पण त्या मेहुण्याचा नंबर दे ना."

मी दिला.